क्रॅश डाएट: उतरलेलं वजन परत का येतं? या चुका टाळा

क्रॅश डाएटची खरी अडचण ही, की सुरुवातीला ते चालतं. रोजचं खाणं एकदम सातआठशे कॅलरींवर आणलं की काटा खाली येतोच. पहिल्या आठवड्यात चार किलो उतरलेल्या माणसाला ‘हे टिकायचं नाही’ असं सांगायला जावं, तर तो आपल्यालाच वेड्यात काढतो. त्याचं फार चुकतही नाही. पुरावा त्याच्या पायाखाली असतो. पण हाच माणूस वर्षभराने भेटला तर बहुधा वजनाचा विषय टाळतो. मधे काय होतं आणि कुठे चुकतं, ते जरा नीट बघू.

पहिल्या आठवड्याचा आकडा चरबीचा समजणं

आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवतं. हा साखरेचा हाताशी ठेवलेला साठा. त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं अचानक कमी झालं की शरीर आधी हा साठा वापरतं, आणि पाणीही त्याच्यासोबत निघून जातं. दीड-दोन किलो इथेच गेले. आतड्यात अन्न कमी, म्हणून तिथलंही वजन थोडं घटतं.

आता चरबीचा हिशोब. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. दिवसाला २,००० कॅलरी खर्च होणारा माणूस ८०० कॅलरींवर राहिला, तर रोजची तूट १,२००, आठवड्याची ८,४००. म्हणजे चरबी गेली असेल तर फार तर एक किलोच्या थोडी वर. काटा चार किलो दाखवत असेल, तर उरलेलं बहुतेक पाणी आहे आणि थोडे स्नायू.

याची दुसरी बाजू लोकांना जास्त छळते. डाएट संपवून दोन दिवस नेहमीसारखं जेवलं की दोन किलो परत येतात आणि ‘माझं शरीरच असलं, पाणी प्यायलं तरी वाढतं’ असा निष्कर्ष निघतो. अहो, दोन किलो चरबी चढायला पंधरा हजारांहून जास्त कॅलरी गरजेपेक्षा वर खाव्या लागतील. दोन दिवसांत ते कुणालाही जमत नाही. तो ग्लायकोजेन आणि पाण्याचा साठा पुन्हा भरला, इतकंच. खारट खाणं, मासिक पाळी, बद्धकोष्ठ यांनीही वजन किलो-दोन किलो इकडेतिकडे होतं. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर खुशही होऊ नका आणि खचूही नका. सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि आठवड्याच्या सरासरीची तुलना मागच्या आठवड्याच्या सरासरीशी करा. सोबत कंबरेचं माप घ्या.

सगळा दोष वेगाला देणं

‘हळूहळू उतरवलेलं वजनच टिकतं’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते तपासून बघावंसं कुणाला वाटत नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये ते तपासलं गेलं. निष्कर्ष २०१४ साली आले. लठ्ठपणा असलेल्या सुमारे २०० जणांचे दोन गट केले. एका गटाने १२ आठवड्यांत झपाट्याने वजन उतरवायचं, दुसऱ्याने ३६ आठवड्यांत सावकाश. लक्ष्य होतं १२.५ टक्के वजन कमी करण्याचं. वेगवान गटातल्या ८१ टक्के लोकांनी ते गाठलं, सावकाश गटातल्या ५० टक्क्यांनी. लक्ष्य गाठलेल्यांवर पुढे जवळपास तीन वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा दोन्ही गटांत उतरलेल्यापैकी साधारण ७१ टक्के वजन परत आलेलं होतं.

म्हणजे सावकाश उतरवलेलंही तितकंच परत आलं. क्रॅश डाएटवर टीका करणारे हा अभ्यास सांगत नाहीत आणि डाएट विकणारे तो अर्धाच सांगतात. माझ्या मते यातून एकच गोष्ट ठामपणे निघते: वजन उतरवणं आणि टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं कितीही छान केलं तरी दुसरं आपोआप होत नाही.

ब्रिटनमधला ‘डायरेक्ट’ हा प्रयोग तर अतिशय कमी कॅलरींवरच उभा होता. टाइप २ मधुमेह असलेल्या लोकांना तीन ते पाच महिने रोज साधारण ८२५ ते ८५३ कॅलरींचा द्रव आहार दिला गेला. वर्षाच्या शेवटी या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाशिवाय आटोक्यात होता, दोन वर्षांनी ३६ टक्क्यांचा. पण हे वाचून घरच्या घरी तसंच करायला निघू नका. तिथे प्रथिनं, जीवनसत्त्वं, क्षार मोजून दिलेले होते, औषधं डॉक्टरांनी बदलली होती, आणि द्रव आहार थांबल्यावर नेहमीचं अन्न काही आठवड्यांत थोडंथोडं परत आणून पुढेही नियमित भेटी चालू ठेवल्या होत्या. इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या तक्त्यात यातलं फक्त ‘कमी खा’ एवढंच असतं.

शेवटच्या तारखेनंतरचा बेतच नसणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. पंधरा किंवा तीस दिवसांच्या डाएटला सुरुवात असते, नियम असतात, शेवट असतो. सोळाव्या किंवा एकतिसाव्या दिवसाचं पान कोरं असतं. मग माणूस जे करतो ते स्वाभाविकच आहे: पूर्वी जेवायचा तसं जेवायला लागतो. पूर्वीच्या जेवणानेच पूर्वीचं वजन झालं होतं. त्याच जेवणाने ते पुन्हा होणार.

त्यात दोन गोष्टींची भर पडते. हलक्या शरीराला कमी ऊर्जा लागते आणि भूक मात्र वाढलेली असते. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या अंदाजानुसार घटलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी कमी होतो, आणि भूक मात्र १०० कॅलरींच्या आसपास वाढते. दहा किलो उतरवलेल्या माणसाचा हिशोब स्वतःच करून बघा. खर्च अडीचशेने कमी, भूक हजाराने जास्त.

१९८८ साली अमेरिकेतल्या प्रसिद्ध टीव्ही सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्रे यांनी द्रव आहारावर ६७ पौंड, म्हणजे सुमारे ३० किलो वजन घटवलं आणि आपल्या कार्यक्रमात तेवढीच चरबी एका छोट्या गाड्यावर घालून ओढत आणली. वजन परत आलं, आणि त्याबद्दल त्या पुढे उघडपणे बोलल्या. पैसा, स्वयंपाकी, प्रशिक्षक यांतलं काहीच त्यांना कमी नव्हतं.

म्हणून कुठलंही डाएट सुरू करण्याआधी एक प्रश्न विचारा: हे संपलं की दुसऱ्या दिवशी मी काय खाणार आहे? उत्तर सांगता येत नसेल तर सुरू करू नका. आणि सुरू केलंच असेल तर थांबवताना एकदम थांबवू नका. आधी एक जेवण पूर्ववत, आठवड्याभराने दुसरं, तोपर्यंत वजनाच्या सरासरीवर नजर. जिथे सरासरी स्थिर राहते तेवढं तुमचं नवं जेवण. ते जुन्यापेक्षा कमीच असेल.

भूक म्हणजे मनाचा कमकुवतपणा असं मानणं

मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. युद्धाने उपाशी ठेवलेल्या लोकांना पुन्हा कसं खायला घालावं हे समजून घेण्यासाठी हा खटाटोप होता. तरुण स्वेच्छेने आले होते. २४ आठवडे त्यांना दिवसाला साधारण १,५७० कॅलरी मिळत होत्या. लक्षात घ्या, आजच्या कित्येक क्रॅश डाएटच्या हे जवळजवळ दुप्पट आहे. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशाने घटलं. पण नोंदींमधला लक्षात राहणारा भाग वजनाचा नाहीच. ही मुलं दिवसभर अन्नाचाच विचार करत, पाककृतींची पुस्तकं वाचत बसत, ताटं चाटत, चिडचिडी आणि उदास झाली. प्रयोग संपल्यावर बऱ्याच जणांना पोट भरल्यावरही भूक थांबेना, आणि परत येताना चरबी आधी आली, स्नायू मागाहून.

२०११ साली मेलबर्नच्याच संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अतिशय कमी कॅलरींवर ठेवलं आणि भुकेची संप्रेरकं मोजली. पोट भरल्याची जाणीव देणारी कमी झाली होती, भूक लावणारं घ्रेलिन वाढलं होतं. वर्षभरानंतर पुन्हा मोजलं, तरी ती पहिल्यासारखी झालेली नव्हती.

टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांचं. ३० आठवड्यांत सरासरी ५८ किलो घटवलेल्या या लोकांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा सरासरी ४१ किलो परत आले होते, आणि विश्रांतीच्या वेळचा त्यांच्या शरीराचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. प्रत्येक डाएट करणाऱ्याचं एवढं होतं असं नाही. पण ‘तुझी जिद्दच कमी पडली’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे आकडे जरूर ऐकवावेत.

उपाय शरीराशी कुस्ती खेळण्यात नाही. पोट भरलेलं वाटेल असं कमी कॅलरीचं अन्न वाढवा: भाज्या, अख्खी फळं, डाळी, अंडी, मासे. झोप मारू नका; झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते. आणि तूट मोठी ठेवण्यापेक्षा रोजची ४००-५०० कॅलरींची ठेवा. कंटाळवाणं आहे, मान्य.

स्नायू घालवणं

उतरलेल्या वजनात साधारण चतुर्थांश भाग चरबीखेरीजचा असतो. उपाशी राहून आणि व्यायाम टाळून उतरवलं तर त्याहून जास्त. रोजची प्रथिनं शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम ठेवणं आणि आठवड्यातून निदान दोनदा वजनं उचलणं किंवा स्वतःच्या शरीराचं वजन वापरून ताकदीचे व्यायाम करणं, याने हे बरंचसं रोखता येतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. नुसतं चालणं चांगलंच, पण इथे ते पुरत नाही.

एक जमलं नाही म्हणून दुसरं नाव शोधणं

यावर फार वेळ घालवत नाही. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर वर्षभर कमी कर्बोदकं विरुद्ध कमी स्निग्ध अशी तुलना झाली. २०१८ साली आलेला निकाल: एका गटाचं सरासरी ६ किलो घटलं, दुसऱ्याचं ५.३. हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. तेव्हा नावावर भांडण्यात अर्थ नाही. जे तुम्हाला दोन वर्षं खाता येईल ते तुमचं. ‘डिटॉक्स’चे रस मात्र खुशाल सोडून द्या, ते काम यकृत आणि मूत्रपिंडं फुकटात करतात.

नावं बदलत राहण्यामागे बऱ्याचदा उद्दिष्टच अवाजवी असतं. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात (२००२) लोकांना ७ टक्के वजन कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा, एवढंच सांगितलं होतं. प्रत्यक्षात सरासरी ५.६ किलो घटलं. तरीही तीनेक वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. फोटोत न दिसणारं वजनही रक्ताच्या तपासणीत दिसतं.

वजन चढायला लागल्यावर काट्याकडे पाठ फिरवणं

एक दिवस मोडला की ‘आता मोडलंच आहे तर पुढच्या महिन्यापासून बघू’ असं म्हणून काटा पलंगाखाली जातो. तो बाहेर काढला जातो तेव्हा आठ किलो वाढलेले असतात, आणि मग पुन्हा क्रॅश डाएट. हे चक्र तोडण्यासाठी एक साधी पद्धत अमेरिकेत २००६ साली ३१४ जणांवर तपासली गेली. सगळ्यांनी आधी बरंच वजन उतरवलेलं होतं. त्यांनी नियमित वजन करायचं आणि सिग्नलसारखे तीन पट्टे मानायचे. उतरवलेल्या वजनापेक्षा साधारण १.३ किलोपर्यंत वर असाल तर हिरवा, काही करू नका. त्यावर गेलात तर पिवळा: खाणं-व्यायाम कुठे सैल झाला ते शोधून दुरुस्त करा. २.३ किलोच्या वर लाल: वजन उतरवताना जे करत होतात ते पुन्हा सुरू. प्रत्यक्ष भेटून मार्गदर्शन मिळालेल्या गटात दीड वर्षात सरासरी अडीच किलो परत आले, नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांत जवळपास पाच. म्हणून सोबत कुणीतरी असू द्या, ज्याला आकडा सांगायला लाज वाटणार नाही असं.

ज्यांचं वजन वर्षानुवर्षं टिकलं अशा लोकांची एक नोंदवही अमेरिकेत १९९४ पासून ठेवली जाते. त्यातले बहुतेक जण रोज तासाभराच्या आसपास शारीरिक हालचाल करतात आणि आठवड्यातून निदान एकदा वजन बघतात.

धोक्याच्या खुणा अंगावर काढणं

१९७०च्या दशकात द्रव प्रथिनांच्या डाएटने अमेरिकेत डझनावारी लोक दगावले, काही जण हृदयाची लय बिघडून. तेव्हा ८०० कॅलरींच्या खालचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नकोच. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना खाणं तोडलं तर साखर धोकादायक खाली जाते. रक्तदाबाची औषधं चालू असतील तर दाब उतरून घेरी येते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातली मुलं, आणि पूर्वी कधी खाण्याचा मानसिक विकार झालेले यांनी या वाटेला जाऊच नये.

छातीत धडधड, बेशुद्ध पडणं, स्नायूंत विलक्षण अशक्तपणा असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर कळ येत असेल तर ती अ‍ॅसिडिटी समजून गोळ्या खात बसू नका. आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगाने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. सोनोग्राफीत ते दिसतात. केस मात्र उशिरा कळवतात. डाएटनंतर दोन-तीन महिन्यांनी ते मुठीने गळायला लागतात आणि लोक शाम्पू बदलत राहतात. खाणं नीट झालं की सहसा काही महिन्यांत भरून येतात. त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलात तर तीन महिन्यांपूर्वीचं डाएट आपणहून सांगा, विचारलं जाईलच असं नाही.