टीएलडीची गोळी घेताय? या चुका टाळा

एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरला समुपदेशनाच्या टेबलावर बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "मॅडम, नवी गोळी सूट होत नाही, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही." मी आधी विचारते, घेता किती वाजता? "झोपताना. तुम्हीच तर सांगितलं होतं."

खरं आहे. जुन्या टीएलई गोळीत एफाविरेन्झ होतं. त्यानं गरगरायचं, भलतीसलती स्वप्नं पडायची, म्हणून ती झोपताना घ्यायला सांगायचो. आता तिच्या जागी टीएलडी आली: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५०. गोळी बदलली, सवय तीच राहिली. डोल्युटेग्राविरनं काहींची झोप उडते. सेंटरला विचारून वेळ सकाळवर आणली की बऱ्याच जणांची तक्रार मिटते. पहिल्या काही आठवड्यांतली मळमळ, डोकेदुखी बहुधा आपोआप ओसरते.

दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण ती दिसत नाही. डोल्युटेग्राविर कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांना पोटात चिकटतं आणि मग रक्तात नीट उतरत नाही. गरोदर बाईला लोहाची आणि कॅल्शियमची गोळी मिळते. ती सगळ्या गोळ्या तळहातावर घेऊन उपाशीपोटी एका घोटात गिळते. तिला वाटतं नियमित चाललंय, आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, मात्र वाढू शकतो. लोह-कॅल्शियम आणि टीएलडी एकत्रच घ्यायची असेल तर जेवणासोबत घ्या. नाहीतर टीएलडी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. ॲसिडिटीच्या पातळ औषधाला मात्र जेवणाची सवलत नाही, तिथे हे अंतर पाळायलाच हवं. ते आपण औषध समजतच नाही, त्यामुळे डॉक्टरांना सांगायचंही राहून जातं.

टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी १२ तासांनी लागते. फिटच्या काही गोळ्याही अडचण करतात. मधुमेहाचं मेटफॉर्मिन चालू असेल तर त्याचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्या, टीएलडीसोबत त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

आता क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम तपासायचा रक्तातला आकडा. गोळी बदलल्यावर रिपोर्टमध्ये ते थोडं वर सरकतं आणि घरात घबराट होते. डोल्युटेग्राविर क्रिएटिनिनची लघवीवाटे बाहेर पडण्याची एक वाट अडवतं, म्हणून आकडा वाढतो. किडनी बिघडलेली नसते. पण टेनोफोविर काहींच्या किडनीला खरोखर त्रास देतं, म्हणून आकडा स्थिरावला की वाढतच चालला, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकची पाकिटं याच किडनीवर भार टाकतात.

वजनही काहींचं वाढतं. त्यापायी गोळी सोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. परस्पर गोळी बंद करू नका, आणि हिपॅटायटिस बी असेल तर मुळीच नको. टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात. ती थांबली की लिव्हरची सूज उसळू शकते, जिवावरही बेतू शकतं.

गोळी चुकली तर आठवताच घ्या. पुढच्या गोळीला ४ तासांहून कमी उरले असतील तर ती सोडून द्या. दोन एकदम नकोत.

एकदा एका आजींनी पिशवीतून कॅल्शियमची बाटली काढली. आत टीएलडीच्या गोळ्या! सुनेला कळू नये म्हणून. ओल शोषणारी पुडी जुन्या डब्यातच राहिलेली, गोळ्या दमट झालेल्या. डबा लपवायचाच असेल तर लेबल काढा, गोळ्या हलवू नका. गणपतीला गावी जाताना चार दिवसांच्या जादा गोळ्या सोबत ठेवा, एसटीचा काय भरवसा. आणि मधेच काही अडलं तर १०९७ हा मोफत नंबर आहे, तिथे नाव न सांगताही विचारता येतं.