लष्करी संरक्षण आदेश आणि शहर पोलीस : या चुका टाळा

अमेरिकी सैन्यात असलेल्या नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून एखादी मराठी मुलगी आमच्या मदतवाहिनीवर फोन करते, तेव्हा पुष्कळदा तिच्या हातात डीडी फॉर्म २८७३ आधीच पडलेला असतो. कमांडरच्या सहीचा हा लष्करी संरक्षण आदेश मिळवण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही आणि तो चटकन मिळतो, त्यामुळे आता सगळे निभावले असे तिला वाटते. तिचे तसे वाटणे मी समजू शकते. परंतु चार दिवसांचे प्रशिक्षण उरकून आलेले आमचे नवे स्वयंसेवकही ‘तो दारात आला तर ९११ लावा, पोलीस उचलून नेतील’ असे बेधडक सांगून मोकळे होतात, याचा मला मनस्वी संताप येतो.

पोलीस त्या कागदावर त्याला उचलून नेऊ शकत नाहीत. तो आदेश म्हणजे कमांडरने आपल्या हाताखालच्या सैनिकाला दिलेला हुकूम असतो, आणि तो मोडल्यास लष्करी न्यायसंहितेच्या कलम ९२ खाली शिक्षा होते ती लष्करात. न्यायाधीशापुढे सुनावणी होऊन दिलेल्या संरक्षण आदेशाची अंमलबजावणी देशातल्या कोणत्याही राज्यातले पोलीस करतात. लष्करी आदेशाला तो मान नाही. गुन्हेगारी नोंदींच्या राष्ट्रीय संगणकात, म्हणजे एनसीआयसीत, लष्करी आदेशाची नोंद दिसते खरी. परंतु बिगरलष्करी यंत्रणांनी याची अंमलबजावणी करू नये, उल्लंघनाचा संशय आल्यास नोंद करणाऱ्या लष्करी यंत्रणेला कळवावे, अशी सूचनाही त्याच नोंदीसोबत असते.

काही वर्षांपूर्वी व्हर्जिनियातल्या एका तळाच्या फाटकापासून दहा मिनिटांवर भाड्याने राहणाऱ्या एका मुलीचा मला पहाटे दोनला फोन आला. नवरा तासभर खाली पार्किंगमध्ये गाडीचे दिवे तिच्या खिडकीवर रोखून बसला होता आणि त्याआधी दोनदा दार ठोठावून ‘तुला बघून घेतो’ असे म्हणून गेला होता. तिने ९११ ला एवढेच सांगितले, की माझ्याकडे आदेश आहे आणि त्याने तो मोडला आहे. पोलीस आले, कागद टॉर्चच्या उजेडात उलटसुलट पाहिला, रेडिओवर चौकशी केली, नवऱ्याला घरी जायला सांगितले आणि निघून गेले. ‘काकू, ते त्याच्याशी हसत बोलत होते हो,’ असे ती मला रडत सांगत होती. तळावर कळवण्याचे काम कोणीच केले नाही आणि त्याच्या कमांडरला ही गोष्ट सहा दिवसांनी कळली, तीही मीच फोन केला म्हणून.

पोलिसांना शिव्या घालणे सोपे होते, आणि मीही त्या रात्री घातल्या. तथापि खरी चूक शब्दांची होती. तिने आदेशाऐवजी कृत्य सांगितले असते, म्हणजे दार ठोठावले, धमकी दिली, तो अजून खाली बसला आहे, मला जिवाची भीती वाटते, तर धमकीचा गुन्हा म्हणून पोलिसांना स्वतःच्या अधिकारात हालचाल करता आली असती. शिवाय व्हर्जिनियात पोलीस अधिकारी मध्यरात्रीही मॅजिस्ट्रेटकडे फोनवरून तातडीचा संरक्षण आदेश मागू शकतो. तो साधारण तीन दिवस टिकतो आणि तो मोडणाऱ्याला शहर पोलीस अटक करू शकतात. हे तिला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर तोवर मलाही नव्हते.

तेव्हापासून माझी सवय ठरून गेली आहे. आदेशाच्या प्रतीच्या डोक्यावर तळावरील लष्करी पोलिसांच्या ठाण्याचा नंबर मी जाड शाईने लिहायला लावते आणि आलेल्या अधिकाऱ्याला ‘या नंबरावर आत्ता, माझ्यासमोर फोन कराल का?’ असे विचारायला शिकवते. घटनेचा क्रमांक घेतल्याशिवाय त्याला जाऊ द्यायचे नाही, आणि सकाळी तो क्रमांक नवऱ्याच्या तुकडीच्या फर्स्ट सार्जंटला, म्हणजे तिथल्या वरिष्ठ हवालदाराला, लेखी कळवायचा. दोघांपैकी कोणीही तळाबाहेर राहत असेल तर कमांडरने नागरी यंत्रणेला आदेशाची माहिती दिलीच पाहिजे, असे २००८ पासून कायदाच सांगतो. तरी ती दिली आहे का, हे मी शेरीफच्या, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुखाच्या, कचेरीत स्वतः विचारते.

दुसरी चूक याहून महागात पडते : लष्करी आदेश आहे म्हणून कोर्टात न जाणे. कमांडर रद्द करीपर्यंत किंवा त्याजागी दुसरा काढीपर्यंत लष्करी आदेश चालू राहतो, हे खरे. मात्र नवरा सैन्यातून सुटला की हुकूम ऐकणारा सैनिकच उरत नाही, आणि नेमका तोच काळ सर्वांत धोक्याचा असतो. कोर्टाचा आदेश व्हर्जिनियात सर्वसाधारणपणे दोन वर्षांपर्यंत मिळतो, अर्जाला फी लागत नाही, आणि २००२ च्या कायद्यानुसार तो तळाच्या आतही तितकाच लागू असतो. तरीही त्याची प्रत तळावरील लष्करी पोलिसांकडे नेऊन द्या. कायदा लागू असणे आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला तो ठाऊक असणे यांत फार अंतर आहे.

बंदुकीबद्दलही असाच गैरसमज दिसतो. कोर्टाच्या आदेशाखाली असलेल्याने बंदूक बाळगू नये, हा केंद्रीय कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कायम ठेवला, पण त्यासाठी नोटीस आणि सुनावणी होऊन निघालेला कोर्टाचा आदेश लागतो. केवळ लष्करी आदेशाने ती बंदी येत नाही. खाजगी हत्यारे काढून घेण्याची मागणी कमांडरकडे वेगळी करावी लागते.

नवरा सैन्यात नसेल आणि बायको सैनिक असेल, तर कमांडर त्याला हुकूम देऊ शकत नाही, फक्त तळावर येण्यास मज्जाव करू शकतो. तोंडी आदेशावर समाधान मानू नका. कागदाचा फोटो फोनमध्ये असू द्या, पण छापील प्रत पर्समध्ये हवीच, कारण मारहाणीत पहिला फुटतो तो फोन.