चिमट्याला तडा गेला असेल तर वेल्डिंगवर विसंबू नका
सोलापूर जिल्ह्यातील खेड्यांतून दुधाच्या किटल्या अडकवून रोज शहरात येणाऱ्या मोटारसायकलींचा सर्वाधिक भार मागच्या चाकाला धरून ठेवणाऱ्या स्विंग आर्मवर, म्हणजेच गॅरेजच्या भाषेत चिमट्यावर पडतो, आणि तरीही त्याची तपासणी क्वचितच होते. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक दोन्ही हातांनी आडवे हलवून पाहावे. चाकाचे बेअरिंग चांगले असूनही खुळखुळ जाणवली, तर चिमट्याचे बुश, म्हणजे सांध्यात बसवलेल्या छोट्या नळ्या, झिजलेले असतात. ते बदलणे स्वस्त आहे.

तडा मात्र वेगळी गोष्ट आहे. शॉकअॅब्जॉर्बर जिथे अडकतो ते कान आणि पिव्हटची, म्हणजे चिमटा फ्रेमला जोडणाऱ्या सांध्याची, नळी यांच्याजवळचा चिखल धुऊन, वायर ब्रशने गंज काढून निरखून पाहावे. तडा गेलेल्या किंवा वाकलेल्या चिमट्याला वेल्डिंग करून घेण्याचा मोह होतो. पण उष्णतेने जोडालगतचा धातू कमकुवत होतो, चिमटा किंचित पिळला जातो आणि चाक साखळीच्या रेषेत राहत नाही. अॅल्युमिनियमच्या चिमट्याबाबत हा धोका अधिक असतो. माझे स्पष्ट मत आहे की त्याच मॉडेलचा नवा चिमटाच बसवावा, कारण मागे बहुधा घरचेच माणूस बसलेले असते.

बसवताना पिव्हट बोल्टला ग्रीस लावावे, नट नवा घ्यावा आणि रबरी बुश असल्यास गाडी चाकांवर उभी करूनच, माहितीपुस्तिकेतील टॉर्कनुसार, म्हणजे आवळण्याच्या जोरानुसार, तो नट शेवटचा आवळावा, अन्यथा रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. त्यानंतर साखळीचा ताण पुन्हा जुळवावा.