ओम्नीचा काटा न् किलोमीटर बंद पडले तर

जुन्या केबलवाल्या (म्हणजे गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत आत फिरती तार असलेली केबल जाते त्या) ओम्नीत स्पीडोमीटरचा काटा पडला की लगेच नवं मीटर घ्यायला पळू नका. काटा न् किलोमीटर दोन्ही बंद असतील तर बहुतेक केबल गेली, काटा चालतो पण आकडे हलत नाहीत तर मीटरच्या आतला प्लॅस्टिकचा गिअर, आणि काटा थरथरत असेल तर केबल कोरडी पडलीये नाहीतर कुठेतरी मुरगळलीये.

मीटरमागून केबल सोडवा, गाडी न्यूट्रलला टाकून कुणालातरी हळू ढकलायला सांगा आणि टोक बघत बसा. आतली तार फिरतेय? मग दोष मीटरमध्ये. नाही फिरत तर तार ओढून काढा, तुटली असेल किंवा चौकोनी टोक घासून गोल झालं असेल तर केबलच बदला. तार धडधाकट असेल तर गिअरबॉक्सकडचा छोटा गिअर बघायचा.

नवीन तारेला ग्रीस पातळ लावा पण मीटरकडची वीतभर कोरडीच ठेवा, नाहीतर ग्रीस वर चढून मीटर खराब करतं, हे मेकॅनिकपण विसरतात राव. केबलला तीव्र वळण देऊ नका.

मग हायवेला मोबाईलच्या जीपीएसशी ५० चा स्पीड ताडून बघा, काटा थोडा जास्त दाखवला तर चालतंय.