ठासणीच्या बंदुकीला नवी नळी बसवली? या चुका टाळा

काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे आणि काकांच्या नावावर पीक संरक्षणाच्या परवान्याची एक ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, बंदूक. तिची नळी आतून इतकी खाल्ली होती, की चिंधी फिरवली की गंजाची पूड बाहेर यायची. शेवटी नागपुरातल्या एका परवानाधारक मिस्त्रीकडून नळी बदलून घेतली. पहिल्याच दिवशी बांधाकडे तोंड करून काकांनी तीनदा घोडा पाडला. तिन्ही वेळा नुसती टोपी, म्हणजे घोड्याखालची ठिणगी देणारी टिकली, फुटली. “नळीच बेकार दिली लेकानं,” काका म्हणाले.

नळीत काहीच खोट नव्हती. आम्ही ती पुसलीच नव्हती.

नवी नळी येते ती गंज लागू नये म्हणून आतून वंगण थापूनच. ते नळीच्या बुडाशी आणि निपलच्या, म्हणजे जिच्यावर टोपी बसते त्या बोंडीच्या, बारीक छिद्रात साचून राहतं. त्यावर दारू ओतली की तिचा चिखल होतो, आणि टोपीची ठिणगी तिथवर पोचतच नाही. म्हणून आधी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या चिंध्या फिरवायच्या, त्या पांढऱ्या निघेपर्यंत. मग कोरडी चिंधी. मग दारू-गोळी काही न भरता, नळीचं तोंड जमिनीवरच्या एखाद्या वाळक्या पानाजवळ धरून नुसती टोपी फोडायची. पान हललं तर वाट मोकळी. आमचं पान पहिल्या दोन टोप्यांना ढिम्म हललं नाही, तिसरीला उडालं. भरलेली बंदूक पेटली नाही तर मात्र घाई नको. तोंड बांधाकडेच ठेवून किमान एक मिनिट थांबा, दारू कधीकधी उशिरा पेटते.

दुसरी चूक याहून वाईट होती, ती मिस्त्रीनं पकडली. काकांच्या गजावर, म्हणजे गोळी ठासायच्या दांड्यावर, चाकूनं पाडलेली एक खाच आहे. गोळी दारूवर नीट टेकली की ती खाच नळीच्या तोंडाशी येते, हे तीस वर्षांचं गणित. नवी नळी जुनीपेक्षा दोन बोटं लांब निघाली. म्हणजे काका खाचेपाशी थांबले असते, तर गोळी दारूच्या दोन बोटं वरच अडकली असती. दारू आणि गोळीत अशी पोकळी राहिली की नळी फुगते, कधी फाटते, आणि डावा हात नेमका तिथेच असतो. मिस्त्री म्हणाला, “भाऊ, नळी बदलली तर खाच काऊन नाही बदलली?” नळी बदलली की रिकाम्या नळीची एक आणि नेहमीच्या मापानं भरलेल्या नळीची एक अशा दोन खुणा गजावर नव्यानं करा. जुनी खाच घासून टाका, नाहीतर सवयीनं बोट तिथेच जातं.

दारूचं माप नळी बनवणाऱ्यानं सांगितलेल्या सगळ्यात कमी आकड्यापासून धरा, आणि दारू फक्त काळी. काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीत घातली तर नळी टिकत नाही, मग ती कितीही नवी असो.

पहिले दहा-पंधरा बार हे नेमबाजीसाठी नसतातच. बार काढला की बंदूक रिकामी असल्याची खात्री करा आणि गोळीभोवती गुंडाळून ठासलेली चिंधी पुढे आठ-दहा पावलांवर पडते, ती उचलून आणा. ती शाबूत असेल, कडा जरा झिरझिरीत झाल्या असतील, तर ठीक. गोल कापली गेली असेल तर बहुधा नळीच्या तोंडाची कड धारदार आहे. ती मिस्त्रीकडूनच मोडून घ्या, घरी कानस लावू नका. मधोमध जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी. चिंधी पक्क्या सुती कापडाचीच हवी. टेरिकॉट वितळून नळीला चिकटतं. वंगणाला आम्ही खोबरेल तेलात मेण वितळवून वापरतो. नुसतं खोबरेल डिसेंबरात दगड होतं आणि मे महिन्यात चिंधीवरून गळतं.

अमेरिकेतले हौशी लोक पन्नास-शंभर बारांनी नळी ‘बसते’ म्हणतात, ते पिळाच्या, म्हणजे रायफलच्या नळीबद्दल. तिच्या आट्यांच्या ताज्या कडा चिंधी कापतात आणि हळूहळू बोथट होतात. आमच्या गुळगुळीत नळीला एवढा सोस लागत नाही. ते पाहून पिळाची नळी बसवायचा मोह झाला, तर आधी परवाना काढून वाचा. त्यात हत्याराचं जे वर्णन आहे तेच चालतं. १९५९च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रातच मोडतात, त्यामुळे काढलेली जुनी नळी भंगारवाल्याला देऊ नका आणि दुरुस्ती परवानाधारकाकडेच करा.

आणखी एक गैरसमज: बिडाच्या तव्यासारखी नळी तेल पाजून ‘मुरवायची’. तवा मुरतो, कारण तेल तापून बिडावर पक्का थर धरतं आणि आपण तो साबणानं घासत नाही. पोलादी नळीत मशीनचं तेल आणि काळ्या दारूची काजळी मिळून डांबर तयार होतं, आणि पाचव्या बाराला गोळी गजाला दाद देत नाही. दर बारानंतर किंचित ओली चिंधी, मग कोरडी, एवढंच करा.

काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळून वायू न होता घन राख होतो, आणि ती हवेतलं पाणी ओढते. नागपूरच्या जुलैत एका रात्रीत नळी तांबूस होते. म्हणून त्याच संध्याकाळी कोमट पाणी आणि जरासा साबण. उकळतं पाणी नको, त्यानं नळी वाळता वाळताच गंज धरते. पुसून पातळ तेलाचा हात द्या, ते पुढच्या वेळी भरण्याआधी काढायचं हे लक्षात ठेवून. तिसऱ्या दिवशी एक पांढरी चिंधी फिरवून बघा. तांबूस निघाली तर पुन्हा धुवा.