घोड्यांच्या मसाजमध्ये करिअर करताय? या चुका टाळा

पुण्यात या कामाला वाव आहे. रेसकोर्सचा पावसाळी हंगाम साधारण जुलै ते ऑक्टोबर चालतो, शहराच्या कडेने रायडिंग स्कूल आहेत, तळेगावच्या बाजूला स्टड फार्म, म्हणजे घोड्यांची पैदास करणारी फार्म, आहेत. पण पागेतली माणसं एकमेकांना ओळखतात आणि बोलतातही. इथे नाव खराब होतं ते बहुतेक वेळा नको तिथे, नको तेव्हा हात लावल्यामुळे.

नाडी-ताप न पाहता सुरुवात

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. घोडा सुस्त दिसला की मालक म्हणतो, "जरा मालिश करा, बरं वाटेल त्याला." आधी थर्मामीटर काढा. विश्रांतीत असलेल्या मोठ्या घोड्याचं तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16. नाडी जबड्याच्या खालच्या कडेवरून जाणाऱ्या धमनीवर मिळते. 15 सेकंद मोजा आणि चारने गुणा. ताप असेल तर त्या दिवशी मसाज नाही.

पोटदुखीने लोळणारा, पोटाकडे वळून बघणारा घोडा डॉक्टरांचा. खूर गरम आणि खुराच्या वर, मागच्या बाजूला नाडी ठणठण लागत असेल, तर तोही. व्यायामानंतर पुठ्ठे, म्हणजे ढुंगणाचे स्नायू, दगडासारखे घट्ट झालेत, घाम थांबत नाही, लघवी कॉफीच्या रंगाची होतेय, अशा वेळी तर स्नायूंना हातच लावायचा नाही आणि घोड्याला चालवायचंही नाही. स्नायूंच्या पेशी फुटून त्यातला रंगद्रव्याचा भार मूत्रपिंडांवर पडत असतो. आखडलंय म्हणून चोळायला जाणं हा इथे सरळ अपाय आहे.

रिफ्लेक्सला दुखणं समजणं

नवा माणूस पाठीच्या कण्याजवळून अंगठ्याचं टोक किंवा नख जोरात ओढतो, घोडा पाठ खाली दाबतो आणि निदान तयार: "पाठ धरलीय." असं टोचलं तर निरोगी घोडाही पाठ दाबतोच. त्याऐवजी चार बोटं सपाट ठेवा, तीन-चार सेकंदांत हळूहळू दाब वाढवा आणि त्याच जागी तीनदा करून बघा. नुसता दचकलेला घोडा दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सैल पडतो. दुखत असेल तर तो दर वेळी आक्रसतो, कान मागे टाकतो, नाकपुड्यांभोवती सुरकुत्या आणतो, शेपटी झटकतो. तिथे दाब निम्मा करा, तळहात टेकवून अर्धा मिनिट थांबा. डोळे जड झाले, मान खाली आली, जीभ-जबडा हलू लागला की पुढे जा.

सगळा जोर पाठीवर आणि पुठ्ठ्यावर

घोड्याला कॉलरबोन नसतं. पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेले असतात, आणि त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पुढच्या पायांवर असतो. म्हणून छाती, खांद्यामागचा भाग, कोपराच्या वरचा भाग वगळून केलेला मसाज अर्धवट राहतो. उलट, पुढचा गुडघा आणि मागचा हॉक, म्हणजे मागच्या पायाचा मधला सांधा, यांच्या खाली जवळजवळ सगळे टेंडन आणि लिगामेंटच असतात. तिथे खोल दाब देऊ नका. गरम लागलं किंवा सूज दिसली तर डॉक्टरांना सांगा.

गाठ मोकळी केली, कारण तसंच ठेवलं

एकाच बाजूला तीच गाठ दर आठवड्याला परत येत असेल तर कारण तुमच्या हाताबाहेर आहे. रायडिंग स्कूलच्या घोड्यांत हे हमखास दिसतं. दिवसभर वेगवेगळी माणसं जमिनीवरून डाव्या रिकिबीत पाय टाकून चढतात. खोगीर डावीकडे ओढलं जातं आणि विदर्सच्या, म्हणजे आयाळ संपते तिथल्या उंचवट्याच्या, उजव्या बाजूवर दाब येतो. चढायला उंच ठोकळा ठेवला की बराच फरक पडतो. खोगीर काढल्यावर घामाचा ठसा बघा. भोवती ओलं आणि मध्येच कोरडा ठिपका असेल, तर तिथे खोगीर टोचतंय का ते तपासा. तिथे पांढरे केस उगवले असतील तर त्रास जुना आहे. खोगिराचं ओझं अठराव्या, म्हणजे शेवटच्या, बरगडीच्या मागे जाता कामा नये. नालबंद शेवटचा कधी आला होता आणि दातांची टोकं कानशीने कधी घासली होती, हेही विचारा.

तेल आणि बाम

सरसोंचं तेल, कापूर, तिखट लागणारे बाम ही पागेतली जुनी सवय. स्वच्छ, कोरड्या केसांवर हात छान सरकतो, तेलाची गरज पडत नाही. उलट तेलावर धूळ बसते आणि खोगिराखाली कातडी घासली जाते. शर्यतीच्या घोड्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. कॅप्सेसिन (मिरचीतलं तिखट द्रव्य), कापूर यांसारखी द्रव्यं कातडीतून आत जाऊन डोपिंग चाचणीच्या नमुन्यात सापडू शकतात. आणि हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही: स्वतःच्या दुखऱ्या मनगटाला डायक्लोफिनॅक जेल लावून घोड्यावर काम केलं तर औषध घोड्यावर जातं. त्या दिवशी जेल नको. ट्रेनरच्या परवानगीशिवाय शर्यतीच्या घोड्याला हातही लावू नका, कोणी ओळखीचं असलं तरी.

पावसाळ्यात तोच टॉवेल

दमट हवेत नायटा आणि पाठीवरची खपली धरणारा संसर्ग एका घोड्यावरून दुसऱ्यावर जातो, आणि नायटा तुम्हालाही होतो. प्रत्येक घोड्याला वेगळा टॉवेल, मध्ये कोपरापर्यंत साबणाने हात. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी.

उभं राहणं

घोडा आणि भिंत यांच्या मध्ये उभं राहू नका. खाली बसू नका, गुडघे टेकू नका. पाय बघायचा तर नुसतं वाका. दोरी हाताला गुंडाळू नका. दोरी धरायला सईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा माणूस, सोबत असावा, कारण तुमच्याआधी घोड्याचा मूड त्याला कळतो. अंगठ्यांनीच काम केलं तर ते लवकर जातात. तळहाताचा खालचा भाग आणि कोपराजवळचा हात वापरा. एका घोड्याला 45 ते 60 मिनिटं धरली तर दिवसाला चार-पाच घोडे पुरे.

निदान सांगणं

1984 च्या भारतीय पशुचिकित्सा परिषद अधिनियमामुळे रोगाचं निदान आणि औषधोपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकांचं काम आहे. "टेंडन गेलाय" असं म्हणू नका. "डाव्या पुढच्या पायाला दुडकीत फरक दिसतोय, डॉक्टरांना दाखवा" एवढं म्हणा. कामाआधी आणि नंतर कडक जमिनीवर दुडकीचा व्हिडिओ घ्या. तारीख, तापमान, कुठे आक्रसला, काय केलं हे लिहून एक प्रत मालकाला द्या. हंगाम संपला की शर्यतीचे बरेच घोडे मुंबईला जातात. त्या महिन्यांसाठी रायडिंग स्कूल आणि स्टड फार्मची कामं जूनमध्येच बोलून ठेवा. ऑक्टोबरात फोन फिरवायला लागलात तर उशीर झालेला असतो.