सोलापूरच्या हवेत चेरी श्रिंपची पहिली टाकी

गोड्या पाण्यातील चेरी श्रिंप (शोभेसाठी पाळली जाणारी छोटी लाल कोळंबी) पाळायच्या असतील, तर सोलापुरात टाकी मांडण्यास पावसाळा सरल्यानंतरचा काळ उत्तम, कारण एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि या जिवांना साधारण २० ते २६ अंशांचे पाणी मानवते. २० लिटरची टाकी, स्पंज फिल्टर आणि जावा मॉस (पाण्यात वाढणारी शेवाळासारखी वनस्पती) एवढे सुरुवातीला पुरते. श्रिंप आणण्याची घाई मात्र करू नये. अमोनिया व नायट्राइट ही टाकीतील घाणीतून तयार होणारी विषारी द्रव्ये पचवणारे जिवाणू रुजायला ४ ते ६ आठवडे लागतात, आणि टेस्ट किटवर हे दोन्ही शून्य दिसल्याशिवाय श्रिंप सोडणे हा त्यांच्या जिवाशी खेळ आहे.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन डिक्लोरिनेटरने काढावे. हे पाणी तांब्याच्या हंड्यात साठवलेले मुळीच नसावे, कारण तांब्याचा अल्पसा अंशही श्रिंपना घातक ठरतो. उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावल्यास बाष्पीभवनाने तापमान काही अंशांनी उतरते, पण क्षार मागे उरून पाणी जड होत जाते. म्हणून आटलेले पाणी आरओच्या (क्षार गाळून काढणाऱ्या यंत्राच्या) पाण्याने भरून काढावे, बोअरच्या नव्हे.

तळाशी पारदर्शक, मानेजवळ उकललेली पोकळ श्रिंप पडलेली दिसली, तर घाबरू नये. ती टाकलेली कात असते. ती तशीच राहू द्यावी, कारण श्रिंप ती कुरतडून त्यातील खनिजे परत मिळवतात. मेलेली श्रिंप बहुधा अपारदर्शक, गुलाबीसर दिसते. ती मात्र ताबडतोब काढावी.